अकरा सेकंद

सतरा दिवस झाले त्याला.
शेफील्डमधली मंगळवारची सकाळ,
आभाळ नेहमीसारखंच, कशातच मन नसलेलं,
आणि पुढच्या व्हॅनच्या टपावरून
एक गादी घसरली.
डबलबेडची, गुलाबी फुलांची, कुणाच्या तरी झोपेचे डाग असलेली.
सावकाश पडली ती,
लठ्ठ पाहुणीनं खुर्चीत बसावं तशी,
बरोबर माझ्या वाटेत.

थांबायला हवं होतं.
हे मला रात्री दोन वाजता, उशीवर, फार छान कळतं.
तेव्हा मात्र हात डावीकडे वळले
आणि मी बसच्या लेनमध्ये होते,
लाल डांबरावर, ताणून रंगवलेल्या त्या तीन अक्षरांवरून.
अकरा सेकंद.
(तेव्हा मोजले नव्हते. नंतर मोजले,
स्वयंपाकघरात उभी राहून, तोंडानं गाडीचा आवाज काढत.)

खांबावर कॅमेरा होता.
होता का? टेरेन्स म्हणतो, दिवा असेल.
टेरेन्सला सगळे दिवेच वाटतात.

लगेच भरला तर पस्तीस पौंड,
रेंगाळलं तर सत्तर.
पस्तीस म्हणजे शाळेच्या भटारखान्यात
तीन तास, कोपरापर्यंत बटाट्यांत.
पण पैशाचं नाहीच हे.
एकतीस वर्षं गाडी चालवते, साधा ओरखडा नाही,
आणि आता कुठल्याशा कचेरीत कुणीतरी
चहात बिस्किट बुडवत माझा फोटो बघत असेल.
त्यात मी आहे, माझी नंबरप्लेट आहे,
आणि गादी नाही.
गादी चौकटीच्या बाहेर.

शनिवारी पायी जाऊन पाटी वाचून आले.
सिकमोरच्या फांदीआड, टाचा उंचावल्या तर दिसते:
साडेसात ते साडेनऊ.
मी तिथून गेले तेव्हा साडेनऊ झाले होते. साधारण.
गाडीचं घड्याळ चार मिनिटं चुकतं,
पुढे की मागे, याची आजवर कधी गरजच पडली नाही.
रेडिओवर हवामान चाललं होतं,
'डोंगरमाथ्यावर तुरळक सरी' इथवर आठवतं.
पुढचं गादीनं नेलं.

ती तिथंच होती अजून.
कुणीतरी कुंपणाला टेकवून ठेवलेली, पाणी पिऊन फुगलेली.
मी तिचे तीन फोटो काढले, एक अगदी जवळून.
सायकलवरचा एक मुलगा पाय टेकून बघत राहिला.
त्याला काय सांगणार? साक्षीदार आहे माझी, म्हणून?

मन चिंती ते वैरी न चिंती.
पोस्टमन डेसमंड फाटकाशी आला की
मी पडद्याआड श्वास धरते,
त्याच्या बोटांवरून पाकिटाचा रंग ओळखू लागले आहे.
त्या बिचाऱ्याला वाटतं, नोरीनबाई हल्ली आपल्याला टाळतात.

काल एक आलं. तपकिरी, खिडकीचं.
दिवसभर ॲप्रनच्या खिशात घेऊन फिरले,
कस्टर्ड वाढताना ते मांडीला टोचत होतं.
घरी येऊन सुरीनं उघडलं:
दंतवैद्य. सहा महिने झाले, तपासायला या.
हायसं वाटलं.
आणि, कुणाला सांगू नका, थोडा हिरमोडही झाला.

आता कामाला बसनं जाते.
वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढच्या बाकावर,
माझा तो लाल रस्ता पायाखालून हक्कानं सरकत जातो.
आज एक निळी गाडी त्यात शिरली,
आमच्या बरोबर पुढे, बिनदिक्कत.
आत टक्कल पडलेला एक माणूस कान खाजवत होता.
मी काचेवर हात आपटला, दोनदा.
शेजारच्या मुलीनं एका कानातला हेडफोन काढला.
'त्याच्यासमोर काही पडलं होतं का?' मी विचारलं,
'नीट आठव,
काहीतरी मोठं, फुलांचं?'